मोरेश्वरचं बिनप्लास्टरचं घर

मोरेश्वरच्या नंबरवरून फोन आला तेव्हा सकाळचे साडेनऊ झाले असतील. मी नागपुरात एका दुकानाच्या बांधकामावर उभा होतो. स्क्रीनवर त्याचं नाव दिसलं आणि फोन घेण्याआधीच मी कामाच्या आवाजापासून बाजूला झालो... कारण गेल्या आठ वर्षांत मोरेश्वरने मला एकदाही फोन केला नव्हता. त्याला ऐकूच येत नव्हतं. तो मेसेज पाठवायचा, फोटो पाठवायचा, कधी नुसता एक अंगठा पाठवायचा, पण त्याच्या नंबरवरून रिंग कधी यायची नाही. आता येत होती, म्हणजे फोन दुसऱ्या कुणाच्या तरी हातात होता.

"भाऊजी," पंचफुलावहिनींचा आवाज आला, "हे गेले." मग त्या एका दमात सांगत गेल्या. "चहा घेतला, बोडीकडे तोंड करून बसले. मी पोहे घेऊन आली, तर मान भिंतीले टेकली होती. मले वाटलं, डोळा लागला..."

दुपारी पोचलो. तुमसरहून बपेऱ्याकडे जाणारा रस्ता सोडून आत वळलं की त्याचं गाव लागतं, आणि गावाच्या टोकाला बोडी, म्हणजे आमच्याकडचं लहानसं तळं. धान कापून झालं होतं. बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या खाचरांमध्ये, नुसते खुंट उभे होते आणि सगळीकडे वाळल्या तणसाचा, धानाच्या पेंढ्याचा, वास भरला होता. बोडीच्या पाळीला, काठावरच्या मातीच्या बांधाला, लागून असलेलं ते राखाडी, बुटकं घर माणसांनी भरून गेलं होतं. ज्या घरात दोन गाद्या, एक बुटका पाट आणि चार पाण्याची भांडी याखेरीज डोळ्यांना काही दिसू नये अशी त्याची इच्छा होती, त्या घरात कोपऱ्याकोपऱ्यात माणसं दाटीवाटीनं बसली होती. एक म्हातारे गृहस्थ भिंतीवरून हात फिरवत शेजारच्याला म्हणाले, "घर अर्धवटच राह्यलं गा बिचाऱ्याचं. प्लास्टर पाहाले जगला नाही."

वहिनींनी पदरातून मान वर काढली. डोळे सुजले होते, पण आवाज स्वच्छ होता. "पूर्ण झालं हाये जी, मामाजी. हे असंच हाये."

मी तिथंच खांबाला धरून उभा राहिलो. याच भिंतीवरून या बाई माझ्यासमोर रडल्या होत्या, त्याला फार वर्षं झालेली नाहीत.

मोरेश्वर आणि मी तुमसरच्या शाळेत पाचवीपासून एका बाकावर. तो कमी बोलायचा, आणि जे काही मोडलेलं असेल ते त्याच्या हातात आपोआप जायचं. सायकलची चेन, मास्तरांचं घड्याळ, मुलींच्या छत्र्या. मॅट्रिकनंतर मी नागपूरला गेलो, आर्किटेक्ट झालो, तो राइस मिलमध्ये मेकॅनिक म्हणून लागला. मी कधी सुट्टीत आलो की त्याला भेटायला मिलमध्ये जायचो. पत्र्याच्या त्या उंच शेडमध्ये पट्टे फिरत असायचे, धान वर चढत असायचं, तांदूळ खाली कोसळत असायचा, आणि हवेत कोंड्याची अशी धूळ असायची की समोरचा माणूस स्वप्नातल्यासारखा दिसायचा. तिथं कुणी बोलत नसे. सगळे हातवारे करत. मोरेश्वर मशीनच्या अंगावर तळवा ठेवायचा, डोळे मिटायचा आणि कोणतं बेअरिंग जाणार आहे ते सांगायचा. मी त्याला म्हणायचो की कानात कापूस घालत जा. तो हसायचा. "कापूस घातला तं मशीन बोलते ते कसं समजंन बे?"

मग एका वर्षी मिलच्या मालकांनी जपानी बनावटीचं मशीन घेतलं, तांदळातले काळे दाणे निवडून बाजूला फेकणारं. ते शिकून यायला कुणाला तरी तिकडं पाठवायचं होतं. पाठवलं ते मोरेश्वरला. नागपूरपलीकडं न गेलेला माणूस एकदम दोन महिने जपानात राहून आला. कारखान्याजवळच्या खेड्यात एका म्हाताऱ्या शेतकरी जोडप्याकडं त्याची राहायची सोय केली होती. त्यांचं जुनं लाकडी घर होतं, आणि त्याला लागून त्यांच्या मुलानं एकच खोली बांधली होती, सिमेंट काँक्रीटची, वरून काहीही न लावलेली. त्या खोलीत मोरेश्वर राहिला.

परत आला तेव्हा त्याच्याजवळ एक वही होती. मिलच्या हजेरीची असते तशी लांबट. त्यात त्यानं त्या खोलीची चित्रं काढली होती, मेकॅनिक नटबोल्टची काढतो तशी, बाजूला मापं लिहून. टेप नव्हता म्हणून मापं वितीत. जमिनीपासून दोन विती उंचीची खिडकी, बसल्यावरच बाहेरचं दिसेल अशी. कागद लावलेली सरकती दारं. धानाच्या बांध्यांकडे तोंड केलेली, लाकडी फळ्यांची अरुंद पडवी. आणि भिंत... भिंतीचं चित्र म्हणजे नुसत्या आडव्या रेघा. "सिमेंट ओताले लावलेल्या सेंटरिंगच्या फळ्या काढल्यावर त्यायचे वण राह्यते नं, तेच," तो म्हणाला. "त्यायनं झाकलेच नाही. लाकडाच्या गाठीसुद्धा दिसते सिमेंटवर."

मी तेव्हा तरुण होतो, गुळगुळीत ग्रॅनाइट आणि रंगीत काचांच्या घरांवर माझं पोट चालत होतं. मी हसलो. तो चिडला नाही. तो म्हणाला, "तुले एक सांगू? तिथं मिल नव्हती, भोंगा नव्हता, काहीच नव्हतं. पंधरा दिवस मले वाटे, कानात काही भरलं हाये. मग एका सकाळी त्या खोलीत बसलो होतो अन् बेडूक ऐकू आले. बांधीतले. आपलेच बेडूक बे, दिन्या! इतक्या दूर येऊन आपलेच बेडूक..." एवढं बोलून तो वहीकडे बघत राहिला. "किती वर्षांनी ऐकले मी ते. इथं असून ऐकले नव्हते."

ती वही मग वीस वर्षं त्याच्या ट्रंकेत पडून राहिली. मुलगी शिकली, लग्न होऊन गोंदियाला गेली. आई-वडील गेले. आणि त्याचे कान हळूहळू जात राहिले. आधी पाखरं गेली, मग बायकांचे बारीक आवाज, मग फोन. कानाचं यंत्र घेतलं होतं, पण ते लावलं की त्याला भांड्यांचा, गाड्यांचा, सगळ्याचा एकच गोंगाट ऐकू यायचा. "डोक्यात मिल सुरू होते," असं म्हणून त्यानं ते डबीत ठेवून दिलं ते कायमचं.

सात वर्षांपूर्वी तो निवृत्त झाला आणि वही घेऊन माझ्या नागपूरच्या ऑफिसात येऊन बसला. केस पांढरे, पण पाठ ताठ. बोलत तो पूर्वीसारखाच होता, फक्त थोडा मोठ्यानं. मी त्याच्यासमोर कोऱ्या कागदांचा गठ्ठा ठेवला आणि लिहून विचारू लागलो. बोडीजवळच्या वडिलांच्या जागेवर त्याला घर बांधायचं होतं. चार भिंती, वर स्लॅब, कागदाची दारं, लाकडाची पडवी. घरात कपाट दिसता कामा नये, भिंतीवर खिळा नको, कॅलेंडर नको, शोभेचं काही नको. स्वयंपाकघर मागं, वेगळं. आणि समोर बोडी.

मी लिहिलं, 'मे महिन्यात भाजून निघशील.'

त्यानं ते वाचलं आणि त्याचा चेहरा उजळला, जणू याच प्रश्नाची तो वाट बघत होता. "दोन स्लॅब टाकू. मधात धानाचा भुसा भरू, चुना मिसळून. उन्हं भुश्यातच अडकते. मिलमधी भुश्याच्या ढिगात हात घालून पाह्य कधी, भर उन्हाळ्यात आतून थंड राह्यते." आर्किटेक्चरच्या पाच वर्षांत मला हे कुणी शिकवलं नव्हतं. त्या दिवसापासून मी त्याचं घर गंभीरपणे घ्यायला लागलो.

पहिलं ड्रॉइंग त्याच्या म्हणण्याप्रमाणं केलं. ते घेऊन गावी गेलो, जुन्या घरी जेवलो. जेवणानंतर मोरेश्वर जागेवर खुंट्या ठोकायला गेला आणि पंचफुलावहिनी माझ्यासमोर बसल्या. भरभरून बोलणारी बाई. गल्लीतून जाणाऱ्या प्रत्येकाला आवाज देणारी, भाजी निवडता निवडता तीन घरांशी गप्पा मारणारी. त्या दिवशी त्यांनी ड्रॉइंगवर बोट ठेवलं.

"हे भिंत अशीच राहीन? प्लास्टर नाही, रंग नाही?"

"हो वहिनी."

"देव कुठी ठेवू?"

ड्रॉइंगवर देवघर नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले. "भाऊजी, ह्यायले सपनात घर दिसते, मले माहीत हाये. वीस वर्षं झाले पाहून राह्यली मी. पण त्या सपनात मी कुठी हावो? स्वयंपाकघर त्या तिकडं मागं. मी तिथून आवाज दिला, तं ह्यायले ऐकू येणार नाही. हे समोर बोडीकडे तोंड करून बसतीन, अन् मी मागं भिंतीकडे तोंड करून पोळ्या लाटीन. दोघं माणसं, एकाले ऐकू येत नाही... अन् घर असं का कोणी बोलायलेच नाही." मग त्या रडल्या. हुंदके न देता, पदराला चुण्या घालत.

नागपूरला परतताना गाडी चालवत होतो, पण मला रस्ता दिसत नव्हता. आम्ही दोन मित्रांनी मिळून एका माणसाला शांत बसायला जागा केली होती आणि दुसऱ्या माणसाला त्या शांततेत एकटं ठेवलं होतं. घरी जाऊन मी ते ड्रॉइंग बाजूला सारलं. तीन आठवडे दुसरं काहीच हातात घेतलं नाही. स्वयंपाकघर मागून उचललं आणि घराच्या मध्यावर आणलं. त्याच्या आणि बैठकीच्या मधे एक छोटं उघडं अंगण ठेवलं, वरून आभाळ येईल एवढं. शेगडीशी उभी असलेली बाई आणि पडवीत बसलेला माणूस एकमेकांना अंगणातून सरळ दिसतील. बैठकीची जमीन लाकडी फळ्यांची, खाली पोकळ, म्हणजे कुणी पाऊल टाकलं की बसलेल्याला ते अंगात कळेल. वाटेकडच्या बाजूला कागदाचं दार, म्हणजे येणाऱ्याची सावली आधी आत येईल. आणि उजेड असा की जो बोलेल त्याच्या तोंडावर पडेल, पाठीवर नाही. कारण मोरेश्वर आता ओठांवरून शब्द ओळखायला लागला होता आणि उजेडाकडे पाठ केलेला माणूस त्याच्यासाठी मुका होता.

ड्रॉइंग पाहून तो संतापला. आयुष्यात एवढं रागावलेलं मी त्याला तेव्हाच पाहिलं. माझ्या टेबलावर त्यानं वही आपटली. "हे माह्यं घर नाही! स्वयंपाकघर मधात? समोर फोडणी, धूर? मी तुले काय सांगतलं होतं?" मी लिहायला लागलो तर त्यानं कागद ओढून घेतला. शेवटी मी एकच ओळ लिहिली, 'वहिनी कुठे उभ्या राहणार, ते तू वहीत कुठेच काढलं नाहीस.' त्यानं ती वाचली. ड्रॉइंगची गुंडाळी केली, काखेत मारली आणि निघून गेला.

महिनाभर त्याचा एकही मेसेज आला नाही. मला वाटलं, घरही गेलं आणि मित्रही गेला.

पुढं काय झालं ते मला वहिनींनी सांगितलं. एका संध्याकाळी तो त्यांना बोडीजवळ घेऊन गेला. माझं ड्रॉइंग हातात, सोबत चुन्याची पिशवी. जमिनीवर चुन्यानं त्यानं सगळं घर आखलं, भिंती, पडवी, अंगण. शेगडीच्या जागी वहिनींना उभं केलं आणि स्वतः जाऊन पडवीच्या जागी बसला. मधे नुसती मोकळी जमीन, दोन पांढऱ्या रेघा. तिथून तो ओरडला, "बोल काही!" वहिनींना काय बोलावं सुचेना. त्यांनी हातानं खूण केली, जेवता का? त्यानं मान हलवली. त्यांनी विचारलं, भाजी कशाची? त्यानं हातानं वांगं करून दाखवलं. मग त्या हसायला लागल्या, तोही हसायला लागला, आणि रिकाम्या जागेत समोरासमोर राहून त्या दोघांनी अंधार पडेपर्यंत हातांनी गप्पा मारल्या. पाळीवरून जाणारे लोक थांबून बघत होते.

मला मेसेज आला तो एवढाच. 'तिचे हात दिसतात. करू.'

काम सुरू झालं ते थंडीत. आंधळगावचे एक वयस्क मिस्त्री होते, जगन मिस्त्री. त्यांनी आयुष्यभर भिंती बांधल्या होत्या त्या झाकण्यासाठी, आणि इथं त्यांना सांगितलं होतं की काहीच झाकायचं नाही. त्यांची झोप उडाली. एकेक फळी ते घासून, तेल लावून, गाठ कुठं येते ते बघून लावत. काँक्रीट ओतून ते व्हायब्रेटरनं हलवून बसवायच्या दिवसांत मोरेश्वर सेंटरिंगभोवती फिरत राहायचा. बाहेरून फळीवर तळवा ठेवायचा आणि सांगायचा, "इथं व्हायब्रेटर पोचला नाही. अजून मारा." कान गेलेल्या माणसाचा तो हात बघून मिस्त्री मला हळूच म्हणाले, "साहेब, हे माणूस भिंतीची नाडी पाह्यते."

पण पश्चिमेच्या भिंतीनं दगा दिला. ती ओतली त्या दिवशी मोरेश्वरला ताप होता आणि तो घरी झोपून होता. फळ्या काढल्या, तर भिंतीच्या मध्यावर, छातीच्या उंचीला, सूप मावेल एवढ्या जागेत गिट्टी उघडी पडली होती. सिमेंट तिथं पोचलंच नव्हतं. मिस्त्री डोक्याला हात लावून जमिनीवर बसले. "मले दोन हात प्लास्टर मारू द्या साहेब, कोणाले दिसणार नाही." मोरेश्वर आला, अंगावर शाल. त्यानं भिंतीकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाला, "पाडा."

मी सळ्या तपासल्या, आत सगळं ठीक होतं, भिंतीला धोका नव्हता. मी तसं लिहून दाखवलं. तो ऐकेना. मिस्त्रींच्या डोळ्यांत पाणी होतं. तेवढ्यात वहिनी पुढं आल्या. हातोडी आणि छन्नी त्यांनी मिस्त्रींच्याच पिशवीतून उचलली आणि सुटी गिट्टी खरवडायला लागल्या. आम्ही बघत राहिलो. खडे पडत गेले, पडत गेले, आणि आत एक खोलगट जागा तयार झाली, कडा वेड्यावाकड्या, एखाद्या टेकडीत असावी तशी. वहिनींनी ओल्या फडक्यानं ती पुसली. मोरेश्वरकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि सावकाश, ओठ दिसतील असं बोलल्या, "पाडू नका. माह्या देवाची जागा हाये हे."

बोडीवरून वारा येत होता. मोरेश्वर पुढं झाला. त्यानं त्या खोलगट जागेत हात घातला, आतून सगळीकडून चाचपली. मग मिस्त्रींकडे वळून म्हणाला, "आतून सळाख झाका नीट. बाकी असंच राहू द्या." आणि त्या दिवसानंतर माझ्या समजुतीप्रमाणं ते घर त्याच्या वहीतलं राहिलं नाही, ते त्या दोघांचं झालं.

गावानं त्याला गोडाऊन म्हटलं. कुणी म्हणालं, जपानी शाळा. दोघं राहायला गेली आणि दुसऱ्या दिवसापासून मला रोज सकाळी एक फोटो यायला लागला. भिंतीचा. नुसती भिंत, आणि तिच्यावर उन्हाचा एक तुकडा. कधी लांबट, कधी तिरका, कधी पावसाळी सकाळी नुसता फिका पट्टा. खाली काही लिहिलेलं नसायचं. सुरुवातीला मला ते सगळे सारखेच वाटत. पुढं पुढं मी ते बघितल्याशिवाय कामाला निघेनासा झालो. दुकानं, दवाखाने, लग्नाचे हॉल बांधणाऱ्या माझ्या दिवसाच्या तोंडाशी तो उन्हाचा तुकडा येऊन बसायचा, आणि थोडा वेळ मला कुठंच जायचं नसायचं.

मी तिथं गेलो की दुपार कशी जायची ते कळायचं नाही. लाकडी पडवीत आम्ही दोघं पाय सोडून बसायचो. बोडीच्या पाण्यावरचं ऊन उसळून आत छतावर यायचं आणि तिथं हलत राहायचं, जणू घर पाण्याखाली आहे आणि आम्ही तळाशी बसून वर बघतो आहोत. पावसाचं पाणी उतरायला त्यानं पागोळीला मिलच्या एलिव्हेटरच्या जुन्या बादल्या साखळीनं टांगल्या होत्या, एकाखाली एक. ज्यांनी तीस वर्षं धान वर नेलं त्या आता पाणी खाली आणत होत्या. पाऊस आला की एक भरायची, कलंडायची, मग खालची भरायची. त्याला तो आवाज येत नव्हता. मला येत होता, आणि त्याला दिसत होता. एकदा मी त्याला विचारलं, तू तासन् तास काय बघतोस? तो म्हणाला, "उजेड चालून राह्यला. पाह्य नं... आत्ता त्या गाठीवर होता, आता इकडं आला. आपल्याले वाटते, घर उभं हाये. उभं नाही बे, ते चालतेच हाये."

आणि अंगणापलीकडे शेगडीशी वहिनींचे हात सतत काहीतरी सांगत असायचे. कोण येऊन गेलं, कुणाची म्हैस व्याली, मुलीचा फोन काय आला. तो मान डोलवायचा, हसायचा, कधी हातानंच वाद घालायचा. तसं शब्दांवाचून एवढं बोलकं घर मी दुसरं पाहिलं नाही.

शेवटची भेट दिवाळीनंतरची. तो थोडा थकलेला वाटला, पण स्वतःहून काही म्हणाला नाही. निघायच्या वेळी मी पायरीवर बसून सँडलचे पट्टे लावत होतो. माझ्या मनात बरीच वर्षं एक गोष्ट होती, ती त्या क्षणी आपसूक बाहेर आली. मी म्हणालो, "मोऱ्या, आयुष्यात शेकडो इमारती केल्या. पण घर मी हे एकच केलं." बोललो, पण मान खाली घालून, पट्ट्याकडे बघत. पुरुषांना असलं काही बोलताना वर बघता येत नाही. माझे ओठ हलले हे त्याला जाणवलं असावं. त्यानं विचारलं, "काय म्हणलं?"

मी वर बघितलं. आणि म्हणालो, "काही नाही. येतो."

तो हसला. अंगठा दाखवला. मी गाडीत बसलो... एवढंच होतं. पुन्हा बोलायला मला पाच सेकंदही लागली नसती. ती पाच सेकंदं मी गेले दोन महिने उशाशी घेऊन झोपतो आहे.

परवा, पौषात, पुन्हा गेलो. दारांचा कागद दरवर्षी या दिवसांत बदलावा लागतो. पावसानं तो सैल पडतो, खारी भोकं पाडतात. हे काम दरवर्षी ते दोघं करत. वहिनींनी मुलीकडून निरोप पाठवला होता की येता का, म्हणून मी नागपुरातून कागदाची गुंडाळी घेऊन गेलो. वहिनींनी तांदळाची खळ शिजवून तयार ठेवली होती, पातळ, दुधासारखी. आम्ही जुना कागद ओला करून सोलला, चौकटी पुसल्या, खळ लावली, नवा कागद अंथरला. त्या कागदाच्या एका टोकाला होत्या आणि मी दुसऱ्या. मग वहिनींनी तांब्यातून तोंडात पाणी घेतलं आणि कागदावर बारीक फवारा मारला. कागद आधी सुरकुतला, आणि मग उन्हात वाळता वाळता आपोआप ताणत गेला. पश्चिमेचं ऊन आलं. दारं बसवली तेव्हा सगळी खोली तांदळाच्या पेजेच्या रंगाची झाली.

मी भिंतीला टेकून बसलो होतो. मुलगी गोंदियाला चला म्हणते, गावातले लोक एकटं राहू नका म्हणतात, हे मला ठाऊक होतं. वहिनींनी काय ठरवलं ते विचारायचं माझ्या जिवावर आलं होतं. त्या माझ्या मागच्या बाजूला खळीचं भांडं घासत होत्या. भांडं ठेवल्याचा आवाज आला. त्या तिथूनच बोलू शकल्या असत्या, मला नीट ऐकू येतं. पण त्या उठल्या. लाकडी जमिनीवर ठळक पावलं टाकत माझ्या पाठीमागून पुढं आल्या, दाराशी जिथं उजेड पडला होता तिथं, माझ्यासमोर बसल्या. पदर सारखा केला. माझी नजर त्यांच्या चेहऱ्यावर येईपर्यंत थांबल्या. आणि मग सावकाश, एकेक शब्द ओठांवर पूर्ण करत म्हणाल्या,

"भाऊजी, मी इथंच राहीन. पोरीले सांगतलं मी. तुमी येत जासान नं?"

माझी मान आपोआप खाली जात होती. मी ती वर उचलली, चेहरा उजेडात धरला आणि म्हणालो, "येईन, वहिनी."